शेवटच्या पेपरनंतरचे १८० दिवस

प्रश्न : मी कॅनडात, ओंटारिओमधल्या एका सरकारी कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा करते आहे. स्टडी परमिटचा अर्ज सप्टेंबर २०२४ मध्ये केला, कोर्स जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला. उन्हाळ्याची सुट्टी न घेता सलग चार सत्रं, म्हणून एप्रिल २०२६ मध्ये संपेल. स्टडी परमिट ३१ जुलै २०२६ पर्यंत आहे आणि पासपोर्ट मार्च २०२७ पर्यंत. तिसऱ्या सत्रात आजारपणामुळे सहापैकी दोन विषय सोडावे लागले, ते आता चौथ्या सत्रात घेतले आहेत. एका दुकानात आठवड्याला २४ तास काम करते. मालक म्हणतात, पेपर संपले की ४० तास देतो. मे महिन्याच्या शेवटी भारतात बहिणीचं लग्न आहे, त्याला जायचंच आहे. एजंटचं म्हणणं असं की प्रवेशाच्या वेळचा आयल्ट्सचा निकाल चालतो, पदवीदान झाल्यावर निवांत अर्ज करावा कारण सहा महिने असतात, आणि कोर्स सोळा महिन्यांत झाल्यामुळे वर्क परमिटही सोळाच महिन्यांचं मिळेल. हे बरोबर आहे का?

उत्तर : एजंटने सांगितलेलं तुम्ही जसंच्या तसं ऐकलंत तर परमिट हातचं जाऊ शकतं. आयल्ट्सबद्दल त्यांनी सांगितलेलं सरळ चूक आहे, सोळा महिन्यांचं बहुधा चूक आहे. ‘सहा महिने असतात’ हे अर्धं खरं आहे आणि तेच सगळ्यात घातक. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट (शिक्षण संपल्यावर कॅनडात काम करण्याचा परवाना), म्हणजे ज्याला सगळे पीजीडब्ल्यूपी म्हणतात, ते आयुष्यात एकदाच मिळतं. तुमची बाजू मुळात चांगली आहे. फक्त कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी करायची, हा क्रम सांभाळा.

सर्वांत आधी भाषेची परीक्षा, कारण ती आजच हातात घेता येते. १ नोव्हेंबर २०२४ पासून पीजीडब्ल्यूपीच्या प्रत्येक अर्जासोबत भाषेचा निकाल जोडावा लागतो. स्टडी परमिट त्याआधी मिळालं असलं तरीही सूट नाही. प्रवेशासाठी तुम्ही दिलेली आयल्ट्स बहुतेक अकॅडमिक प्रकारची असणार, आणि ती इमिग्रेशन खातं या कामासाठी धरत नाही. चालतात त्या परीक्षा अशा : आयल्ट्स जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर, फ्रेंच येत असेल तर टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा. पीटीईमध्येही हाच घोळ होतो. पीटीई अकॅडमिक वेगळी, पीटीई कोअर वेगळी. बुकिंग करताना नाव दोनदा वाचा. शिवाय अर्ज करण्याच्या दिवशी निकाल दोन वर्षांपेक्षा जुना नसावा.

गुण किती लागतात ते कोर्सवर ठरतं. विद्यापीठाची बॅचलर्स, मास्टर्स किंवा डॉक्टरेट असेल तर चारही कौशल्यांत सीएलबी ७ (सीएलबी ही भाषेची पातळी मोजायची कॅनडाची पट्टी). तुमच्यासारख्या कॉलेज डिप्लोमाला सीएलबी ५. आयल्ट्स जनरलच्या भाषेत सीएलबी ५ म्हणजे ऐकणं ५.०, वाचन ४.०, लेखन ५.०, बोलणं ५.०. सेल्पिपमध्ये चारही ठिकाणी ५. सरासरी इथे कामाची नाही. एका कौशल्यात कमी पडलात तर बाकी तिन्हींतले उत्तम गुण वाया जातात.

सीएलबी ५ वर मात्र समाधान मानू नका. पुढे पर्मनंट रेसिडेन्सीसाठी एक्सप्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या योजनेत जायचं असेल तर हाच निकाल तिथेही वापरता येतो आणि तिथे प्रत्येक पायरीला गुण वाढतात. सीएलबी ९ म्हणजे आयल्ट्स जनरलमध्ये ऐकणं ८.०, बाकी तिन्ही ७.०. शेवटच्या सत्राच्या धावपळीत अपुऱ्या तयारीने परीक्षा देण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये देऊन टाका. गुण कमी आलेच तर मे महिन्याआधी दुसऱ्या प्रयत्नाला जागा राहते. निकाल एप्रिलअखेर हातात नसेल तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं, कारण निकालाशिवाय टाकलेला अर्ज ‘नंतर जोडते’ म्हणून थांबवून ठेवत नाहीत, नाकारतात.

विषयाच्या यादीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बिझनेसच्या विद्यार्थ्यांमध्ये त्याची धास्ती आहे म्हणून सांगायला हवं. पदवी नसलेल्या कोर्ससाठी सरकारने ठरावीक विषयांची यादी केली आहे : शेती, आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित, कुशल कारागिरी, वाहतूक, आणि २०२५ मध्ये भर पडलेलं शिक्षणक्षेत्र. सर्वसाधारण बिझनेस मॅनेजमेंट त्यात बसत नाही. पण ही अट ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज १ नोव्हेंबर २०२४ ला किंवा त्यानंतर केला त्यांना आहे. तुमचा अर्ज सप्टेंबरचा, म्हणून तुम्ही सुटलात. त्या अर्जाची पोच आणि तारीख दाखवणारा कागद जपून ठेवा. आणि एक : कॉलेज बदलायचा विचार कुणी डोक्यात घातला तर तो काढून टाका. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं तर नवं स्टडी परमिट घ्यावं लागतं. नवा अर्ज म्हणजे नवी तारीख, आणि मग विषयाची यादी तुम्हालाही लागू.

सरकारी कॉलेज म्हणताय, तेव्हा एवढं तपासा की तुमचा वर्ग त्या कॉलेजाच्या स्वतःच्या कॅम्पसवर भरत होता. काही सरकारी कॉलेजांचे अभ्यासक्रम खासगी संस्था परवान्यावर चालवतात. प्रमाणपत्रावर नाव सरकारी कॉलेजाचं असतं. अशा भागीदारीतला कोर्स १५ मे २०२४ किंवा त्यानंतर सुरू केलेल्यांना पीजीडब्ल्यूपी मिळत नाही. तसंच निम्म्याहून जास्त अभ्यास ऑनलाइन झालेला नसावा.

आता त्या सहा महिन्यांकडे. नियमात आहेत ते १८० दिवस, आणि ते पदवीदानापासून मोजत नाहीत. कोर्स पूर्ण झाल्याचं कॉलेजने तुम्हाला पहिल्यांदा लेखी कळवलं त्या दिवसापासून मोजतात. अंतिम गुणपत्रक असो, पूर्ततेचं पत्र असो की अधिकृत ईमेल, यांतलं जे आधी हाती येईल ते. एप्रिलअखेर पेपर झाले की मेच्या सुरुवातीला कॉलेज कळवतं, पदवीदान जूनमध्ये. त्या मधल्या काळात घड्याळ चालूच असतं.

समजा ८ मे २०२६ ला तुम्हाला लेखी कळलं. इथून तीन वेगवेगळ्या मुदती सांभाळाव्या लागतात आणि एजंट मंडळी त्यातली एकच सांगतात. पहिली, अर्जाची : १८० दिवस म्हणजे ४ नोव्हेंबर. दुसरी, स्टडी परमिटची : कोर्स संपल्यावर ते ९० दिवसांनी आपोआप संपतं किंवा त्यावर छापलेल्या तारखेला, जे आधी येईल तेव्हा. ९० दिवस ६ ऑगस्टला होतात, छापील तारीख ३१ जुलै. म्हणजे तुमची मुदत ३१ जुलै. तिसरी मुदत ३१ जुलै हुकली तरच सुरू होते : कॅनडात राहण्याचा गेलेला कायदेशीर दर्जा परत मिळवण्याचा अर्ज ९० दिवसांत, म्हणजे २९ ऑक्टोबरपर्यंत करावा लागतो. त्याची फी वेगळी, आणि तो निकाली निघेपर्यंत काम पूर्ण बंद.

म्हणजे ऑगस्टमध्ये अर्ज केलात तर १८० दिवसांच्या आत असूनही कॅनडात तुमचा दर्जा संपलेला असेल आणि नोकरी थांबवावी लागेल. उलट ३१ जुलैच्या आत अर्ज गेला तर निर्णय येईपर्यंत राहण्याचा हक्क टिकतो आणि पूर्णवेळ कामही करता येतं. तुमच्यासाठी खरी शेवटची तारीख ३१ जुलै आहे असं समजा, आणि लक्ष्य ठेवा पत्र मिळाल्यापासूनच्या पहिल्या आठवड्याचं.

दुकानातल्या कामाचंही याच हिशोबात येतं. पूर्ततेचं लेखी कळेपर्यंत २४ तासांची मर्यादा कायम आहे. पेपर संपले म्हणजे मर्यादा उठली असं होत नाही. लेखी कळल्यापासून अर्ज ऑनलाइन जमा होईपर्यंत एकही तास काम करू नका. अर्ज गेला, फी भरली, पोच आली की त्याच दिवसापासून पूर्णवेळ काम करा. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते त्या आठवड्यात तुमच्या पाळ्या लावणार नाहीत. पगारपत्रकात तास लिहिलेले असतात, आणि अधिकाऱ्याला ते मागवता येतात. मधला एक आठवडा बिनपगारी गेला तर फारसं बिघडत नाही. विनापरवाना काम केल्याचा शेरा मात्र पुढे पर्मनंट रेसिडेन्सीपर्यंत पाठ सोडत नाही.

गेल्या उन्हाळ्याचे तासही एकदा तपासा. कोर्सच्या ठरलेल्या सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं, हे ऐकून बरेच जण मे ते ऑगस्ट ४० तास करतात. पण तुमच्या कोर्सला उन्हाळी सत्र हा नियमित भाग असेल, तर ती सुट्टी ठरत नाही. मग तिथेही २४ तासच लागू होते. तुम्ही मर्यादेत राहिला असाल तर चिंता नाही.

तिसऱ्या सत्राचा प्रश्न मात्र नीट सोडवायला हवा. शेवटचं सत्र वगळता प्रत्येक सत्रात तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी असायला हवं, अशी अट आहे. शेवटच्या सत्रात थोडेच विषय उरले म्हणून अर्धवेळ असलात तर चालतं; मधल्या सत्रात नाही. आता सहापैकी चार विषय म्हणजे पूर्णवेळ की अर्धवेळ? याचं उत्तर इमिग्रेशन खातं नाही, तुमचं कॉलेज देतं. पूर्णवेळ कशाला म्हणायचं हे प्रत्येक संस्था ठरवते आणि बऱ्याच ठिकाणी पूर्ण सहा विषय घेणं बंधनकारक नसतं. त्यामुळे अंदाज बांधत बसू नका. रजिस्ट्रारच्या ऑफिसातून सत्रनिहाय नोंदणीचं पत्र घ्या. त्यात चारही सत्रांपुढे ‘पूर्णवेळ’ की ‘अर्धवेळ’ हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

तिसऱ्या सत्रापुढे ‘पूर्णवेळ’ आलं तर प्रश्न मिटला. ते पत्र अर्जाला जोडा, म्हणजे गुणपत्रकात चारच विषय पाहून अधिकाऱ्याला शंका यायला नको. ‘अर्धवेळ’ आलं तर दोन गोष्टी एकदम उभ्या राहतात. एक म्हणजे पीजीडब्ल्यूपीची पात्रता. दुसरी लोकांच्या लक्षात येत नाही : कॅम्पसबाहेर काम करण्याचा हक्क पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच असतो, म्हणजे त्या चार महिन्यांतलं दुकानातलं कामही प्रश्नात येतं. त्या परिस्थितीत आजारपणाचे डॉक्टरांचे कागद, विषय कोणत्या तारखेला आणि का सोडले याची कॉलेजची नोंद, हे सगळं गोळा करा आणि अर्ज टाकण्याआधी परवानाधारक सल्लागाराला दाखवा. अधिकारी परिस्थिती विचारात घेऊ शकतो, पण तो जे कागदावर आहे तेच पाहतो. हे पत्र एप्रिलपर्यंत थांबवू नका, याच आठवड्यात मागा.

चौथ्या सत्रात एखादा विषय राहिला तर? मग कोर्स पूर्ण झालेला नाही, पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करताच येत नाही. उन्हाळ्यात तो एकच विषय घेतलात तर ते शेवटचं सत्र ठरेल आणि अर्धवेळ चालेल. पण सत्र ऑगस्टपर्यंत चालतं आणि तुमचं स्टडी परमिट ३१ जुलैला संपतं, म्हणून त्याआधी मुदतवाढीचा अर्ज करणं भाग आहे.

परमिट किती काळाचं मिळेल? आठ महिन्यांपेक्षा लहान कोर्सला पीजीडब्ल्यूपी नाही. आठ महिने ते दोन वर्षांच्या आतल्या कोर्सला कोर्सइतकंच. दोन वर्षं किंवा जास्त असेल तर तीन वर्षं. मास्टर्सला १५ फेब्रुवारी २०२४ पासून वेगळी सवलत आहे : कोर्स दोन वर्षांहून लहान असला तरी तीन वर्षं. तुमच्या बाबतीत कॉलेजने कोर्स अधिकृतपणे किती काळाचा ठरवला आहे ते बघतात. तुम्ही तो किती लवकर संपवलात ते नाही. दोन वर्षांचा कोर्स सलग शिकून सोळा महिन्यांत संपवला तरी तो दोन वर्षांचाच धरतात. पण कॉलेजच्या माहितीपत्रकातच त्याचा कालावधी सोळा महिने दिला असेल तर परमिट तेवढंच मिळेल. हे आता कॉलेजच्या संकेतस्थळावर आणि प्रवेशपत्रावर पाहून घ्या.

इथेच पूर्ततेच्या पत्राचं महत्त्व येतं. तीन वर्षं की सोळा महिने, हे बऱ्याचदा त्या एका कागदातल्या एका ओळीवर ठरतं. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर हवं. त्यात पासपोर्टवर आहे तसंच तुमचं नाव हवं. पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे आणि कॉलेजच्या नोंदीत नाही, असं आपल्याकडच्या मुलांचं हमखास होतं, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. मग कोर्सचं नाव, मिळणारं प्रमाणपत्र डिप्लोमा की सर्टिफिकेट, सुरुवातीची आणि पूर्ण झाल्याची तारीख, कोर्सचा अधिकृत कालावधी, वर्ग प्रत्यक्ष भरले की ऑनलाइन, आणि कॉलेजचा डीएलआय क्रमांक (परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेल्या संस्थेचा क्रमांक). सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे ‘सर्व आवश्यकता पूर्ण केल्या आहेत’. त्याऐवजी ‘एप्रिलमध्ये पूर्ण होणं अपेक्षित आहे’ असं लिहिलेलं पत्र दिसलं तर ते घेऊन परत जा. ते पूर्ततेचं पत्र नाही आणि त्यावर केलेला अर्ज टिकत नाही. तुमच्या पत्रात एक ओळ जास्त मागा : दोन वर्षांचा कोर्स उन्हाळी सत्रासह सलग पूर्ण केला आहे. कॉलेजं हे लिहून देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

तीन वर्षं पात्रता असली तरी पासपोर्ट मार्च २०२७ ला संपतो आहे, आणि परमिट पासपोर्टच्या पलीकडे देत नाहीत. आत्ताच्या पासपोर्टवर अर्ज केलात तर जेमतेम दहा महिन्यांचं परमिट हातात पडेल. नंतर नव्या पासपोर्टवर उरलेल्या काळासाठी मुदतवाढ मागता येते, पण तो पुन्हा एक अर्ज, पुन्हा फी, पुन्हा वाट पाहणं. शिवाय हे विसरून परमिट संपू देणारे कमी नाहीत. भारतीय पासपोर्ट संपायला वर्षभर असताना नूतनीकरण करता येतं, म्हणजे मार्च २०२६ पासून तुम्ही करू शकता. नवा पासपोर्ट मेच्या आत आला तर उत्तम. नाही आला तर त्यासाठी पीजीडब्ल्यूपीचा अर्ज जुलैअखेरपर्यंत रेटू नका. जुन्यावर अर्ज करून टाका. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यात व्हिसा असतो. प्रवासात दोन्ही जवळ ठेवा.

आता लग्न. जाता येईल. क्रम असा ठेवा : पत्र हाती आलं की आधी अर्ज, मग विमान. अर्ज कॅनडाबाहेरूनही करता येतो, पण मग निर्णय येईपर्यंत परत येऊन काम करण्याचा मार्ग बंद होतो. निघण्याआधी पासपोर्टमधला व्हिसा उघडून बघा. स्टडी परमिट आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : परमिट राहण्याचा हक्क देतं, व्हिसा आत येण्याचा. व्हिसा संपलेला असेल किंवा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना नवा व्हिसा काढावा लागेल, आणि लग्नाच्या गडबडीत त्याला किती आठवडे जातील यावर तुमचा ताबा नसतो. व्हिसा बहुप्रवेशाचा आणि परतीच्या तारखेपर्यंत वैध असेल तर हातबॅगेत स्टडी परमिट, अर्जाची पोच, फीची पावती आणि पूर्ततेचं पत्र छापील ठेवा. ३१ जुलैच्या बरंच आधी परता. सीमेवर जाऊन हातोहात पीजीडब्ल्यूपी घेण्याची जी पद्धत होती ती २१ जून २०२४ पासून बंद आहे, तेव्हा कुणी विमानतळावर काम होतं म्हणालं तर ऐकू नका. मंजूर झालेलं परमिट कॅनडातल्या पत्त्यावर टपालाने येतं. तुम्ही नसताना ते घेणारं कुणी असू द्या.

अर्ज भरणं तसं अवघड नाही. इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन खात्यातून, कॅनडातून वर्क परमिट या मार्गाने जा आणि परमिटचा प्रकार पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट असाच निवडा. हे ओपन परमिट आहे, म्हणजे एका मालकाशी बांधलेलं नाही, नोकरीचं पत्र लागत नाही; दुकानमालकाचं नाव मालकाच्या रकान्यात घालून गोंधळ वाढवू नका. फी २५५ डॉलर : वर्क परमिटचे १५५ आणि ओपन वर्क परमिटधारकाचे १००. दुसरे १०० भरायला विसरल्याने परत आलेले अर्ज नवे नाहीत. बोटांचे ठसे दिल्यापासून दहा वर्षं चालतात, म्हणून ते बहुधा पुन्हा लागणार नाहीत. जोडायचे कागद म्हणजे पासपोर्टची शिक्के असलेली सर्व पानं, स्टडी परमिट, अंतिम गुणपत्रक, पूर्ततेचं पत्र, भाषेचा अधिकृत निकाल, फोटो, आणि तुमच्या बाबतीत सत्रनिहाय नोंदणीचं पत्र. भाषेच्या निकालाला स्वतंत्र रकाना दिसला नाही तर ‘क्लायंट इन्फर्मेशन’ या रकान्यात, खुलाशाच्या पत्रासोबत एकाच पीडीएफमध्ये घाला. खुलाशाचं पत्र एका पानाचं पुरे : कोर्सच्या तारखा, स्टडी परमिटचा अर्ज १ नोव्हेंबर २०२४ पूर्वीचा असल्यामुळे विषयाची अट लागू नाही हे, तिसऱ्या सत्राची हकीकत, आणि सलग सत्रांमुळे कोर्स लवकर संपल्याचं कारण. विनवणी नको, तारखा द्या.

अर्ज नाकारला गेला तर लगेच सगळं संपत नाही. ‘एकदाच’ हा नियम मिळालेल्या परमिटला आहे, नाकारलेल्या अर्जाला नाही. १८० दिवसांची मुदत संपली नसेल तर राहिलेला कागद जोडून पुन्हा अर्ज करता येतो. स्टडी परमिट तोवर संपलं असेल तर दर्जा परत मिळवण्याच्या अर्जासकट. मात्र नकाराचं पत्र आलं त्या क्षणी काम थांबवायचं. लवकर अर्ज करा असं इतक्यांदा सांगण्यामागे हेही कारण आहे : मे महिन्यात केलेल्या अर्जात चूक निघाली तर सुधारायला वेळ असतो, ऑक्टोबरमध्ये केलेल्यात नसतो.

एजंटबद्दल एकच सांगणं. कॅनडाच्या इमिग्रेशनबद्दल पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार परवानाधारक सल्लागार, वकील, ओंटारिओतले परवानाधारक पॅरालीगल आणि क्यूबेकचे नोटरी यांनाच आहे. सल्लागारांची नोंद कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेच्या जाहीर यादीत नावाने शोधता येते. प्रवेश मिळवून देणारा एजंट त्या यादीत असेलच असं नाही. तुमच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात असा सल्ला द्यायची परवानगी असलेली माणसं असतात आणि ती फी घेत नाहीत. तिसऱ्या सत्राचं पत्र हातात आलं की पहिली भेट त्यांची घ्या.

परमिट आल्यावर लगेच करायच्या गोष्टी लहान आहेत पण राहून जातात. त्यावरचे शेरे वाचा. बालसंगोपन, शाळेत शिकवणं किंवा आरोग्यसेवेत काम करण्यास मनाई असा शेरा असेल आणि तुम्हाला त्यातलं काम करायचं असेल, तर खात्याने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून तो काढून घ्यावा लागतो. ९ ने सुरू होणाऱ्या तुमच्या सिन नंबरची (काम करायला लागणाऱ्या सरकारी क्रमांकाची) मुदत परमिटला बांधलेली असते. सर्व्हिस कॅनडात नवं परमिट दाखवून ती वाढवा. कॉलेजचा आरोग्यविमा कोर्सबरोबर संपतो. ओंटारिओचा सरकारी विमा ओहिप तुम्हाला किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असल्यावर मिळू शकतो, तोवरचं खासगी कवच घ्या.

आणि नोकरी निवडताना पुढचं पाहा. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी, म्हणजे कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पर्मनंट रेसिडेन्सी मिळण्याच्या मार्गासाठी, एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा कुशल कामाचा अनुभव लागतो. तो टीअर (कामाची कौशल्यपातळी; आकडा लहान तितकी पातळी वरची) ० ते ३ मधला हवा, आणि आठवड्याला ३० तासांपर्यंतच धरतात. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेलं काम त्यात मोजत नाहीत, स्वतःचा धंदाही नाही. दुकानातल्या विक्रेत्याचं काम टीअर ४ मध्ये येतं. तिथे तीन वर्षं ४० तास राबलात तरी या हिशोबात शून्य. दुकानातल्याच सुपरवायझरचं काम टीअर २ मध्ये आहे. पण फक्त पदनाम बदलून भागत नाही. पाळ्या लावणं, माणसांना शिकवणं, माल मागवणं ही कामं तुम्ही खरोखर करत असल्याचं मालकाच्या पत्रात यावं लागतं, तास आणि पगारासकट. मालक ४० तास द्यायला तयारच आहेत, तर त्यांच्याशी बोलताना तासांबरोबर जबाबदारीचंही बोलून घ्या.